रोजच्या वापराला ब्राउझर कोणता? माझं मत फायरफॉक्सला

ब्राउझर निवडताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो वेगाचा. मला हा निकषच पटत नाही. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी यांतलं काहीही उघडा, रोजच्या कामात वेगाचा फरक जाणवणारही नाही. वरची रंगरंगोटी वेगळी असली तरी आत सगळीकडे गूगलचं क्रोमियमच आहे, म्हणजे क्रोमचाच मूळ सांगाडा. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन (वेबपान उघडून दाखवणारा आतला भाग) सोडून दिलं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर आणला. मोठी म्हणावीत अशी वेगळी इंजिनं आता दोनच उरली आहेत: ॲपलच्या सफारीतलं वेबकिट आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं गेको.

याने आपल्याला काय फरक पडतो, असं वाटेल. पण एकाच कंपनीच्या हाती वेब गेलं की काय होतं ते आपण भोगलेलं आहे. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये, बाजार जिंकला, आणि सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. स्पर्धाच नव्हती, मग घाई कशाला? त्याची सवय इतकी मुरली की आपल्याकडच्या कितीतरी सरकारी पोर्टलांवर टेंडर भरताना डिजिटल सही लावायला पुढची अनेक वर्षं इंटरनेट एक्सप्लोररच लागायचा. २००४ मध्ये फायरफॉक्स आला तेव्हा कुठे ही कोंडी फुटायला लागली.

आजची कोंडी जाहिरातींची आहे. मोबाइलवर एखादी मराठी बातमी उघडून बघा. वरून एक पट्टी येते, खालून व्हिडिओ सरकतो, मधेच नोटिफिकेशनची परवानगी मागितली जाते, आणि बातमीच्या चार ओळी कशाबशा दिसतात. ज्येष्ठ माणसं तर फुली शोधता शोधता भलत्याच ठिकाणी बोट लावतात आणि नको ते ॲप उतरवून बसतात. हा नुसता त्रास नाही, धोका आहे. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं फुकट एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम). गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये ते क्रोममध्ये चालेनासं झालं. त्याची ‘लाइट’ आवृत्ती तिथे मिळते, पण तिची ताकद कमी आहे. ज्या कंपनीची कमाई प्रामुख्याने जाहिरातींवर आहे, तिने जाहिराती अडवण्याचे नियम ठरवावेत हे मला मान्य नाही.

फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने चालतं. अँड्रॉइडवरसुद्धा चालतं, आणि माझ्यासाठी हा मुद्दा निर्णायक आहे. मोबाइलवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकायची सोयच नाही. शिवाय २०२२ पासून फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकीज (साइटने आपली ओळख पटवायला ठेवलेल्या छोट्या नोंदी) वेगळ्या कप्प्यात ठेवतो, त्यामुळे एका दुकानात बघितलेली साडी दुसऱ्या साइटवर मागे लागण्याचं प्रमाण कमी होतं.

फायरफॉक्सच्या उणिवाही सांगायला हव्यात. मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगललाच डीफॉल्ट सर्च ठेवण्याच्या करारातून येतं, ही गोष्ट मला मनापासून खटकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी वापराच्या अटी इतक्या ढिसाळ भाषेत लिहिल्या की लोक भडकले आणि शब्द बदलावे लागले. काही साइट फक्त क्रोमवर तपासून बनवलेल्या असतात, तिथे एखादं बटण चालत नाही. अशा वेळेसाठी एक क्रोमियमवाला ब्राउझर जवळ ठेवावा. ज्यांना एक्स्टेन्शनच्या भानगडीत पडायचंच नाही त्यांच्यासाठी ब्रेव्ह चांगला आहे, जाहिराती अडवायची सोय त्यात मुळातच आहे. तो सुरू केल्यावर त्यातल्या क्रिप्टो चलनाच्या सगळ्या सोयी बंद करून टाकाव्यात. मॅकवाल्यांनी सफारी वापरला तरी माझी हरकत नाही, बॅटरी जपतो. आयफोनवर मात्र निवडीला फारसा अर्थ नाही, भारतात तिथला प्रत्येक ब्राउझर वेबकिटवरच चालतो.

बदलणं अवघड नाही. संगणकावर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये क्रोममधले बुकमार्क आणि पासवर्ड आयात करता येतात. ते आले की आधी ‘प्रायमरी पासवर्ड’ (साठवलेल्या सगळ्या पासवर्डांना लावायचं एकच कुलूप) लावा, नाहीतर तुमच्या संगणकावर बसणाऱ्या दुसऱ्या कुणाला ते वापरता येण्याची शक्यता असते. मग यूब्लॉक ओरिजिन टाका, मोबाइलवर फायरफॉक्स डीफॉल्ट करा. आणि घरी आईबाबांच्या फोनवरही हे करून द्या, कारण त्या फसव्या जाहिरातींचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो. कुठे अडलात तर खाली कमेंटमध्ये फोनचं मॉडेल लिहून विचारा, मी सांगेन.