खुलासा : ली जे. कॉब यांचा विली लोमन

आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकावरच्या १९५१च्या सिनेमात अमेरिकी अभिनेते ली जे. कॉब यांनी विली लोमन हा सेल्समन साकारला आणि ऑस्कर मिळवलं, असं परवा मीच लिहिलं होतं. ते चुकलं. श्रेयनामावली पुन्हा पाहिली, सिनेमातला विली फ्रेडरिक मार्च यांचा आहे. कॉब यांचा विली रंगमंचावरचा, १९४९, न्यूयॉर्कचं ब्रॉडवे. कॉब यांचं वय अवघं ३७ आणि विली साठी उलटलेला, दोन्ही हातांत नमुन्यांच्या पेट्या घेऊन दमून घरी येणारा! १९६६ला टीव्हीवर त्यांनी तो पुन्हा केला. माझा घोळ बहुधा तिथलाच. ऑस्करची नामांकनं दोन, पुरस्कार एकही नाही. ‘१२ अँग्री मेन’ या सिनेमात मुलाचा फोटो फाडणारा ज्यूरर (खटल्यातला पंच) मात्र त्यांचाच, पण त्यासाठी ऑस्करचं नामांकनही नव्हतं. जुनी पोस्ट काढली आहे. कृपया ती पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर तिथे हा खुलासा टाका.