रोमँटिक आहे म्हणून काहीही खपवायचं?

"अगं रोमँटिक पिक्चर आहे, डोकं बाजूला ठेव नि बघ." हे वाक्य पुढच्या वेळी कोणी मला ऐकवलं ना तर मी सरळ उठून जाणार आहे. चवथीला सगळे घरी जमलेले, आरत्या झाल्या, जेवणं झाली, पोरींनी द कटिंग एज या बर्फावरच्या फिगर स्केटिंगवरच्या इंग्रजी प्रेमाच्या पिक्चरचा दुसरा भाग लावला, गोइंग फॉर द गोल्ड, 2006 चा, टीव्हीसाठी काढलेला, आणि मी मध्ये दोन गोष्टी काय बोलले तर वैनी, मावसबहीण, तिचा नवरा सगळे माझ्याच अंगावर. किती चिकित्सा करतेस गो, पोरींना मजा घेऊ दे, हिरो बघ किती गोड आहे. हिरो गोड आहे हे मलाही दिसतंय, पण तेवढ्यावर पिक्चर चांगला कसा काय होतो?

ज्याने पहिला भाग बघितलाय त्याला राग येणारच. 1992 चा तो. डग आइस हॉकीवाला, डोळ्याला मार लागून खेळ सुटलेला, आणि केट श्रीमंत घरची, जोडीने फिगर स्केटिंग करणारी, एकाही पार्टनरशी न पटणारी, आणि हा तिचा नवा पार्टनर. आता फिगर स्केटच्या पात्याला पुढे टोकाशी दाते असतात, टो पिक म्हणतात त्याला, हॉकीच्या पात्याला ते नसतात. त्यामुळे जन्मभर बर्फावर काढलेला हा माणूस तिच्यासमोर त्या दात्यांवर अडकून धाडकन आपटतो आणि ती वरून ओरडते, टो पिक. त्याचा माज, तिचा माज, दोघांचं भांडण, सगळं त्या एका पडण्यात आलं, आणि प्रेमही तिथूनच सुरू होतं. लिहिणाऱ्याला माहीत होतं पाय नेमका कुठे अडकतो.

आणि दुसऱ्या भागात काय, तर त्यांची मुलगी जॅकी, चांगली मोठी तरणी पोर, 2006 च्या ट्युरिन ऑलिम्पिकला निघालेली. अहो हिशोब करा ना. केट नि डग आल्बर्टव्हिलच्या ऑलिम्पिकला उतरले 1992 मध्ये, पहिल्या भागात तोपर्यंत धड प्रेमाची कबुलीही झालेली नव्हती, मग त्यांची मुलगी 2006 मध्ये जास्तीत जास्त तेरा वर्षांची होईल की नाही? आणि वयाचा नियम काही गंमत म्हणून नसतो. जपानची फिगर स्केटर माओ असादा, त्या सीझनमध्ये भल्याभल्यांना हरवत होती, पण तेव्हाच्या नियमाने आदल्या वर्षीच्या 1 जुलैला पंधरा पूर्ण लागायची आणि तिचा वाढदिवस सप्टेंबरचा, म्हणून तिला ट्युरिनला जाताच आलं नाही. खऱ्या पोरीचं ऑलिम्पिक तीन महिन्यांपेक्षा कमी फरकाने गेलं आणि इथे दोन पिक्चरच्या तारखा एकमेकींशी ताडून बघायची तसदी कोणी घेतली नाही. हे मी बोलले तर वैनी म्हणते कोण मोजत बसतं. मी मोजते! बघणाऱ्याने मोजू नये म्हणून बनवणाऱ्याने चुकायचं का?

मग तो हिरो अ‍ॅलेक्स. चाकांवरचा, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या इनलाइन स्केटिंगवाला, उड्याबिड्या मारणारा. तो बर्फावर येतो आणि बघता बघता ऑलिम्पिकचा पेअर स्केटर. इथे मावसबहिणीच्या नवऱ्याने मोबाईलवर शोधून मला दाखवलं की बघ, चॅड हेड्रिकपण इनलाइनवरूनच आला होता आणि ट्युरिनमध्येच 5000 मीटरला गोल्ड घेतलं. बरोबर आहे, घेतलं. पण तो इनलाइनचा वर्ल्ड चॅम्पियन होता, 2002 चं ऑलिम्पिक बघून बर्फावर आला, मधली वर्षं त्याने त्यातच काढली, आणि मुख्य म्हणजे तो स्पीड स्केटिंगवाला, एकटा पळणारा. त्याला एक जिवंत बाई एका हातावर डोक्याच्या वर उचलून, पात्यांवर गोल फिरत, परत खाली अलगद ठेवायची नव्हती! पेअर स्केटिंग म्हणजे तेच तर आहे सगळं. चुकलं तर आपटतो तो नाही, ती आपटते.

माझी मुलगी फोंड्यात चाकांवर शिकते, साधे चार चाकांचे स्केट. पावसाळ्यात ओल्याने बेअरिंग गंजतात, हॉलच्या फरशीला घाम फुटतो आणि सर क्लास रद्द करतात. तिला नुसतं उलटं जायला शिकताना मी बघितलंय, मान वळवून मागे बघायचं तर खांदा जातो, खांदा सांभाळला तर गुडघा सरळ होतो आणि मग ढुंगणावर, परत उठायचं, तळहात झटकायचे, परत. हे नुसतं मागे जाणं! पिक्चरमध्ये हेच सगळं गाणं लावून कापाकापी करून उरकून टाकलंय. त्या पडण्याउठण्यातच तर दोन माणसं एकमेकांवर भरवसा ठेवायला शिकतात ना? तेच कापलं तर प्रेम कुठून येणार, नुसतं एकमेकांकडे बघून?

आणि खरं सांगू, त्याच ट्युरिनच्या बर्फावर जे खरंच घडलं ते बघितलं तर हा पिक्चर बनवणाऱ्यांची कीव येते. रशियाची तात्याना टोटमियानिना, 2004 मध्ये पिट्सबर्गला जोडीदार मॅक्सिम मारिनिनच्या हातातून लिफ्टमध्येच वरून खाली डोक्यावर पडली, स्ट्रेचरवर न्यावं लागलं. त्याच बाईने परत त्याच माणसाच्या हातांवर वर जायचं कबूल केलं, आणि 2006 चं गोल्ड या दोघांचं. चीनची झांग दान क्वाड्रुपल थ्रो, म्हणजे जोडीदाराने फेकल्यावर हवेत चार गिरक्या, करताना पाय फाकून पडली, गुडघा गेला, सगळ्यांना वाटलं संपलं, पण थोड्या वेळाने परत आली, उरलेला प्रोग्रॅम पूर्ण केला आणि सिल्व्हर घेतलं. चीनचीच दुसरी जोडी शेन श्वे नि झाओ होंगबो, होंगबोच्या टाचेमागचा स्नायूबंध आदल्या वर्षी तुटलेला, तरी ब्राँझ, मग 2007 मध्ये लग्न केलं, आणि निवृत्तीतून परत येऊन 2010 ला व्हँकुव्हरमध्ये गोल्ड. अजून काय पाहिजे रोमान्समध्ये? हे समोर असताना तुम्ही लिहिता काय, तर हिरोची आधीची एक मैत्रीण, गैरसमज, रुसवा, आणि ऐन वेळी समेट.

नटांचा दोष नाही हां, ती दोघं जीव ओतून करतात. राग लिहिणाऱ्यांवर आहे आणि त्याहून जास्त या "चालतंय गो" म्हणणाऱ्यांवर. कारण हीच माणसं आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर वर्षभर त्या बिचाऱ्याला सोडत नाहीत. मावसबहिणीचा नवरा क्रिकेटच्या पिक्चरमध्ये फील्डिंग चुकीची लावली म्हणून टीव्हीशी भांडलेला माणूस आहे, त्या वेळी कोणी त्याला डोकं बाजूला ठेव म्हणालं नाही. मग बायकांनी बघायचा प्रेमाचा पिक्चर म्हटला की लगेच कसं काय सगळं माफ होतं? म्हणजे आम्हाला अक्कल नाही, आम्हाला एक गोड पोरगा नि बर्फ दाखवला की झालं, असंच ना? आणि हे पुरुष बोलले तर एक वेळ समजू, बायकाच बायकांना गप्प करतात याचा मला जास्त त्रास होतो.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिने पिक्चर संपल्यावर विचारलं, "आई, तो कधी पडलाच नाही जास्त, मग शिकला कसा?" वैनीने तिलाही सांगितलं, पिक्चर आहे बाय, एवढा विचार करू नये. तिला कशाला गप्प करायचं? बरोबर विचारलं तिने.

अजून तिसरा नि चौथा भागही आहेत, 2008 आणि 2010 चे, ते दिवाळीला लावायचं ठरतंय म्हणे. लावा. मी पण बसणार आणि जिथे पटणार नाही तिथे बोलणार, पॉझ करून बोलणार, आणि रिमोट माझ्याकडे राहील.