हशा एकाचा, नाव दुसऱ्याचे

विनोदी कार्यक्रमातून एखादा गाजलेला सहकलाकार बाहेर पडला की सांगलीत दोन तट पडतात, आणि मिलवॉकीत राहूनही मला त्यांपासून सुटका नसते, कारण माझा आतेभाऊ आणि त्याची मित्रमंडळी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद फोनवरून इमानेइतबारे माझ्यापर्यंत पोहोचवतात. एका तटाचे म्हणणे असे की ज्या कार्यक्रमाने त्याला घराघरांत नेले त्याच्याशी तो कृतघ्नपणे वागला. चार हशे मिळाले आणि डोक्यात हवा गेली. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की मुख्य कलाकाराला त्याचे हशे बघवले नाहीत, म्हणून त्याची वाक्ये कापली गेली आणि अखेर त्याला बाहेरची वाट धरावी लागली. 1843 साली ज्या गावात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्या गावाने नटांविषयी ठाम मते बाळगणे हा वंशपरंपरागत हक्क मानला तर त्यात गैर काही नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. दोन्ही तट हा स्वभावाचा प्रश्न समजतात: एकाला नायक मत्सरी वाटतो, दुसऱ्याला सहनायक उद्दाम वाटतो, आणि वाक्ये कोण लिहितो, मोबदला कोण ठरवतो, कार्यक्रम कोणाच्या मालकीचा आहे, हे प्रश्न कोणी विचारतच नाही.

मत्सर नसतोच असे माझे म्हणणे नाही. महाविद्यालयात असताना राज्य नाट्य स्पर्धेच्या एका प्रयोगाला मी भावे नाट्यमंदिराच्या विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलो होतो. नाटकात नोकराची भूमिका करणारा मुलगा मालकाला चहा देण्याआधी कपात डोकावून बघायचा आणि मगच कप पुढे करायचा. एवढ्याशा कृतीला पहिल्या प्रवेशात असा हशा आला की आमच्या नायकाला पुढचे वाक्य घेण्यासाठी थांबावे लागले. दुसऱ्या प्रवेशात तोच कप आला, तेव्हा मात्र नायक थांबला नाही. हशा उमलायच्या आत त्याने आपले वाक्य टाकले आणि प्रेक्षक ऐकण्यासाठी गप्प झाले. रंगभूमीवर याला ‘लाफ्टर मारणे’ म्हणतात, आणि ते इतक्या सफाईने करता येते की समोर बसलेल्याला काही घडले याचा पत्ताही लागत नाही. प्रयोगानंतर दोघेही शेजारी शेजारी बसून खोबरेल तेलाने रंग उतरवत होते आणि या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही.

अमेरिकेत हेच नाटक मोठ्या पैशांवर खेळले जाते, आणि मी ज्या शहरात राहतो त्या शहराने तर त्यातल्या एका पक्षाचा पुतळाच उभारला आहे. 1974 साली सुरू झालेली ‘हॅपी डेज’ ही मालिका मिलवॉकीतल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबाची होती आणि तिचा नायक होता रॉन हॉवर्डने साकारलेला रिची कनिंगहॅम. हेन्री विंकलरचा मोटरसायकलवाला फॉन्झी हे कडेचे पात्र होते. पहिल्या काही भागांत तर त्याला त्याचे ते प्रसिद्ध चामडी जाकीटही मिळाले नव्हते, कारण चामडी जाकिटातला मुलगा गुंड दिसेल अशी वाहिनीला धास्ती होती. दोन-तीन वर्षांत पारडे असे फिरले की वाहिनीने मालिकेच्या नावातच फॉन्झी घालण्याचा विचार मांडला. रॉन हॉवर्डने त्याला विरोध केला, तसे झाले तर आपण राहणार नाही असे सांगितले, आणि नाव बदलले नाही. एवढ्यावरून आपल्याकडे दोन तट तयार झाले असते, पण हे दोघे तेव्हाही मित्र होते आणि पुढेही मित्रच राहिले, कारण हॉवर्डचा आक्षेप विंकलरवर नव्हता, करार करून झाल्यावर नाटकाचे नाव बदलू पाहणाऱ्यांवर होता. 2008 साली मिलवॉकी नदीच्या काठावर कांस्याचा पुतळा बसला तो दोन्ही अंगठे वर करून उभ्या असलेल्या फॉन्झीचा. उन्हाळ्यात तिथे छायाचित्रासाठी रांग लागते, आणि माझ्याकडे आलेल्या प्रत्येक सांगलीकर पाहुण्याला मी तिथे नेतो. रिचीचा पुतळा कुठे आहे, असे आजवर एकानेही विचारलेले नाही.

तो प्रश्न विचारायला हवा होता, असे मला वाटते. फॉन्झी मूठ आपटून ज्यूकबॉक्स सुरू करतो तेव्हा हसू येते ते समोरच्या भाबड्या रिचीच्या चेहऱ्यावरचे नवल बघून. 1980 मध्ये रॉन हॉवर्ड दिग्दर्शनाकडे वळला आणि मालिका त्याच्याशिवाय 1984 पर्यंत चालली, पण त्या नंतरच्या भागांत फॉन्झी कितीही ऐटीत वावरला तरी थक्क होणारा कोणी उरला नव्हता, आणि ऐट एकट्याने करायची गोष्ट नाही. नायकाने हशा घ्यायचा नसतो, तो घडू द्यायचा असतो. हे काम दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही होत नाही, आणि भाव खाऊन जाणाऱ्याच्या बाजूने आपण फार पटकन उभे राहतो. सांगलीच्या दुसऱ्या तटाशी माझे भांडण आहे ते इथे.

पहिल्या तटाशी माझे भांडण ‘गुड टाइम्स’वरून आहे. तीही 1974 चीच मालिका, शिकागोच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाची. आईची भूमिका करणाऱ्या एस्तर रोल यांनी या कुटुंबात वडील असलेच पाहिजेत असा आग्रह धरला होता, कारण दूरदर्शनच्या पडद्यावर कष्टाळू, घर सांभाळणारा कृष्णवर्णीय बाप दिसणे ही त्यांच्या दृष्टीने मालिकेची खरी कमाई होती. वडिलांचे काम जॉन एमस करत असत. पण थोरला मुलगा जे. जे. झालेल्या जिमी वॉकरच्या ‘डायनामाइट!’ या आरोळीवर प्रेक्षक इतके खूश झाले की दर भागात ती आरोळी हवीच झाली, आणि कथा आईबापांच्या ओढाताणीकडून मुलाच्या माकडचेष्टांकडे सरकू लागली. रोल आणि एमस यांनी उघड नाराजी व्यक्त केली. तिसऱ्या पर्वानंतर, 1976 मध्ये, एमस यांना वगळण्यात आले आणि वडिलांचा अपघाती मृत्यू दाखवला गेला. पुढच्या वर्षी रोलही बाहेर पडल्या आणि शेवटच्या पर्वापुरत्या परतल्या. ज्येष्ठ कलाकारांना पोराचे यश खुपले, असे याचे वर्णन करणे सोपे होते, आणि तसे करणारे होतेही. पण जे वडील पडद्यावर यावेत म्हणून एवढा आग्रह झाला होता ते वडीलच एका आरोळीपायी मारले गेले, हे लक्षात घेतले की ‘मत्सर’ हा शब्द तोकडा पडतो. वॉकरलाही मी दोष देणार नाही. जे लिहून हातात ठेवले ते तो करत होता. ते लिहून घेणाऱ्यांचे नाव या भांडणात कोणी घेत नाही, हे मात्र दोन्ही देशांत सारखेच आहे.

पैशाच्या गोष्टी इथे उघडपणे छापल्या जातात, त्यामुळे त्या सांगता येतात. ‘साइनफेल्ड’मध्ये क्रेमर झालेल्या मायकल रिचर्ड्सने सहकलाकाराचे एमी पारितोषिक तीनदा मिळवले, ज्याच्या नावाने मालिका होती त्या जेरी साइनफेल्डला तिच्यातील अभिनयासाठी ते एकदाही मिळाले नाही. तरी त्याला मत्सराचे कारण नव्हते, कारण तो मालिकेचा सहनिर्माता होता आणि पुनःप्रक्षेपणाच्या नफ्यात त्याचा वाटा होता. तिघा सहकलाकारांना तसा वाटा नव्हता, म्हणून 1997 मध्ये त्यांनी एकत्र येऊन शेवटच्या पर्वासाठी भागामागे सुमारे 6 लाख डॉलर पदरात पाडून घेतले. ‘फ्रेंड्स’ची हकीकत जास्त शिकवणारी आहे. दुसऱ्या पर्वात डेव्हिड श्विमर आणि जेनिफर ॲनिस्टन यांना इतर चौघांपेक्षा जास्त पैसे मिळत होते. तिसऱ्या पर्वाच्या आधी सहाही जणांनी एकत्र बोलणी करायचे ठरवले आणि या दोघांनी आपला वाढीव मोबदला सोडून सर्वांच्या बरोबरीने उभे राहणे पत्करले. त्यामुळेच 2002 मध्ये सहा जणांना भागामागे प्रत्येकी 10 लाख डॉलर मागता आले. 2017 मध्ये ‘द बिग बँग थिअरी’च्या पाच मूळ कलाकारांनी नंतर आलेल्या दोघींचा मोबदला वाढावा म्हणून भागामागे आपले प्रत्येकी 1 लाख डॉलर सोडल्याचे प्रसिद्ध झाले. यात मोठेपणा नव्हता असे कोण म्हणेल? पण आकडा माहीत असल्याशिवाय मोठेपणा दाखवताही येत नाही.

हे वाचून आतेभाऊ काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, कारण तो ते म्हणून चुकला आहे. “अरे, तुझ्याकडे संघटना आहे, वकील आहे, एजंट आहे. आमच्याकडे दिवसाच्या हिशेबाने काम, पैसे तीन महिन्यांनी, आणि जास्त बोललास तर उद्यापासून येऊ नकोस.” त्याचे म्हणणे खरे आहे. भारतीय मालिकांमध्ये मानधन 90 दिवसांनी देण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे, आणि जुने भाग पुन्हा दाखवले तरी बहुतेक कलाकारांच्या हाती काही पडत नाही. अमेरिकेतही हे आपोआप आलेले नाही. 2023 मध्ये इथले नट 118 दिवस संपावर होते तेव्हा त्यांच्या मागण्यांत ऑनलाइन पुनःप्रदर्शनाचा मोबदला हा एक मोठा मुद्दा होता. म्हणून मराठी कलाकारांनी उद्या सकाळी ‘फ्रेंड्स’सारखे वागावे, असला सल्ला देण्याइतका मी परदेशी झालेलो नाही.

शिवाय काही बाबतींत आपलीच रीत मला सरस वाटते. इथे पुरस्कारासाठी मुख्य आणि सहायक असे दोन कप्पे आहेत, आणि कोण कुठे बसतो हा स्वतःच एक डावपेच असतो. ‘फ्रेंड्स’चे सहाही जण बरीच वर्षे सहायक म्हणूनच अर्ज करत असत, आणि लिसा कुड्रोने 1998 मध्ये सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक घेतले. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचे रौप्यपदक देताना भूमिका नायकाची की नोकराची असा भेद नसतो. आमच्या त्या नाटकात गुणवत्ता प्रमाणपत्र कपात डोकावणाऱ्याला मिळाले, नायकाला नाही, आणि परीक्षकांनी दोघांना एकाच मापाने मोजले होते, म्हणून नायकाला तक्रारीलाही जागा उरली नाही. ‘हास्यजत्रे’सारख्या कार्यक्रमाचीही हीच खुबी आहे: आजच्या प्रहसनात जो नवरदेव तो उद्याच्या प्रहसनात वाढपी असतो, त्यामुळे दुसऱ्याचा हशा घडू देण्याची पाळी प्रत्येकावर येते.

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी तर हा खेळ एकाच नाटकात दोनदा मांडून दाखवला आहे. 1893 मध्ये त्यांनी लिहिलेल्या गद्य प्रहसनाचे नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ असे होते, म्हणजे शीर्षकावर हक्क संशयी फाल्गुनरावाचा होता. त्याच नाटकाला पदे घालून 1916 मध्ये ‘संशयकल्लोळ’ उभे राहिले, तेव्हा अश्विनशेठ आणि रेवती या गाणाऱ्या जोडीचे वजन वाढले, रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व आले, आणि फाल्गुनराव पाटीवरून उतरला. लोक अजूनही गाण्यांसाठी तिकीट काढतात आणि घरी जाताना फाल्गुनरावाबद्दल बोलतात. पारडे कोणाकडे झुकवायचे हे तिथे नटांच्या मनावर नव्हते. लेखकाने आणि कंपनीने ते ठरवले होते.

तमाशाने याहून रोखठोक मार्ग काढला. वगात राजा असतो, प्रधान असतो, पण गर्दी सोंगाड्यासाठी जमते, हे फडात कोणी लपवत नाही. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगातल्या हवालदारांच्या जोडीमुळे काळू-बाळू म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि फडाच्या पाटीवरही तेच नाव लागले. कडेची दोन पात्रे आणि मालकाचे नाव, दोन्ही एकच झाल्यावर कोणी कोणाचा हशा मारायचा? अमेरिकेत लुसिल बॉल आणि देसी आर्नाझ या कलाकार जोडप्याने ‘आय लव्ह लुसी’ ही मालिका स्वतःच्या कंपनीतून काढली ती काही वेगळ्या हिशेबाने नव्हे. ज्या फडांत मालक वेगळा आणि कलाकार हंगामाच्या आधी उचल घेऊन बांधलेला असतो, तिथे मात्र भांडणे तशीच आहेत, आणि आज वाहिन्यांशी केलेला करार मला फडमालकाच्या उचलीच्याच जातीचा वाटतो.

म्हणून या खेपेला आतेभावाने कोणाची बाजू घेणार असे विचारले तेव्हा मी त्याला उलट तीन गोष्टी विचारल्या: त्या नटाचा करार किती भागांचा होता, त्याच्या प्रहसनांचे तुकडे ऑनलाइन लाखो वेळा बघितले जातात त्याचे त्याला काही मिळते का, आणि बाहेर पडल्यावर तेच पात्र दुसरीकडे करण्याची त्याला मुभा आहे का. त्याला एकाचेही उत्तर माहीत नव्हते, मलाही नव्हते. तरी ‘तो कृतघ्नच’ हे त्याचे मत कायम आहे, आणि दिवाळीत मी सांगलीला आलो की हा विषय पुन्हा काढायचे त्याने बजावून ठेवले आहे.