आज पातळी छत्तीस फूट

"काकू, थोडंसं दुखेल हं," असं हसत सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नसतो, हे दातांच्या डॉक्टरांनी मला फार पूर्वीच शिकवलं होतं. तरी या पोरीवर ठेवला. बारीकशी अंगकाठी, मऊ आवाज, आल्याआल्या चपला नीट बाजूला काढून ठेवणारी. फिजिओथेरपीसाठी एवढी घरी येते म्हणून मी कौतुकानं चहा टाकायला सांगितला आणि गाव कुठलं ते विचारलं. म्हणाली, कवठेपिरान. हिंदकेसरी मारुती माने यांचं गाव! पुढच्या पाच मिनिटांत तिनं माझा पाय ज्या सराईतपणे धरला, त्यावरून त्या गावात तालमीची हवा सगळ्यांनाच लागत असावी, असं माझं मत झालं.

उजव्या खुब्याचा सांधा बदललाय माझा. ऑपरेशन मिरजेत झालं. आमच्याकडे माणूस आजारी पडला की मिरजेला जातो, त्याला कारण विचारत नाहीत. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कमरेत इंजेक्शन दिलं, कमरेखालचा मुलूख परक्याचा झाला आणि मी झोपले. इंग्लंडच्या जॉन चार्नली या सर्जननं साठच्या दशकाच्या सुरुवातीला धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी बसवून सांध्यातलं घर्षण कमी करून दाखवलं, त्याच वाटेनं आज आमच्यासारख्या म्हाताऱ्या चालत्या होतात. घरातलं घर्षण कमी करणं त्यांच्या अखत्यारीत नव्हतं.

गंमत अशी की जो खुबा इतकी वर्षं रडवत होता तो आता गप्प आहे आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं ओरडतंय. मांडी, कंबर, ढुंगण, पोटरी. पोरीला म्हटलं, "बाई, सांधा बदललाय की सगळी उजवी बाजू?" ती म्हणाली, "काकू, सांधा नवा आहे, स्नायू जुनेच आहेत." लंगडत चालायची सवय लागली की खुब्याभोवतीचे स्नायू काम टाळायला शिकतात. त्यात ऑपरेशनमध्ये त्यांनाही हात लागलेला असतो. आता अचानक त्यांना रोज हजेरी द्यायची म्हटल्यावर ते कुरकुरणारच. मी शिक्षिका होते, त्यामुळे हा प्रकार मला लगेच समजला.

पहिला व्यायाम अगदीच साधा. घोटा वर-खाली करायचा. पोटरीतलं रक्त साकळू नये म्हणून. तो मी टीव्ही बघत करते. दुसरा म्हणजे पलंगावर प्लास्टिकची पिशवी पसरायची आणि तिच्यावरून टाच सरकवत गुडघा वाकवायचा. पिशवी अशी कुरकुर आवाज करते की शेजारच्या खोलीत ह्यांना वाटतं, मी लपून भडंग खातेय. तिसरा, झोपून पाय बाजूला न्यायचा. त्याच्याविषयी मी इथे लिहिणार नाही, कारण घरातली लहान मुलंही हे वाचतील.

चौथा मात्र बहारीचा. "काकू, सीट आवळा आणि पाच मोजा." उभी हयात पोरांना भूमिती शिकवली, पण असं वाक्य कधी कुणी मला म्हणेल याची कल्पना नव्हती. या व्यायामाची खुबी ही की बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे तो पाहुण्यांसमोर बसूनही करता येतो. परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या आणि लेकीच्या सासरची कहाणी सुरू झाली. मी मनात आकडे मोजत आवळत होते, सोडत होते. आवळताना माझा चेहरा पिळवटायचा, सोडताना सुस्कारा निघायचा. वहिनींना वाटलं, काय ही माया! त्यांनी व्याह्यांपासून सुरू केलं ते चुलतव्याह्यांपर्यंत गेल्या. माझा त्या दिवसाचा कोटा पूर्ण झाला.

आणि काटकोन. कमरेत नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. पहिले काही आठवडे खुबा निसटायची भीती असते म्हणून. काटकोन म्हणजे काय हे मी सांगलीतल्या दोन पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवलं. आता आमचा सोफा, पाट आणि देवघर हे सगळं काटकोनाच्या पलीकडे गेलंय. देवाला मी उभ्यानंच नमस्कार करते. गणपतीबाप्पा समजून घेतात. नणंद घेत नाही.

आता मुख्य गोष्ट. पोर रोज विचारते, "काकू, दुखणं दहापैकी किती?" मी गणिताची बाई. दहापैकी गुण द्यायचे तर उत्तरपत्रिका कुठाय? पण मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सांगून टाकलं, "काल रात्री छत्तीस फूट."

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आमचं घर गावभागात. २००५ चा पूर पाहून ह्यांनी हट्टानं पहिला मजला घेतला, २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्या हट्टाचं सार्थक झालं, आणि आता तो जिना माझ्या नशिबी आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी सगळ्यांना पाठ असते. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका. ह्यांनी एक जुनी वही काढून रकाने आखले: वेळ, पातळी, विसर्ग, शेरा. विसर्गाच्या रकान्यात व्यायाम. पोरीनं वही वाचली, हसली आणि म्हणाली, "काका, हे दहापैकीपेक्षा बरंय."

बरंय कसलं, अचूक आहे. कारण कोयना धरणातून पाणी सोडलं की ते लगेच सांगलीत येत नाही, पोचायला दिवस जातो. स्नायूंचंही तेच. व्यायाम केल्यावर लगेच बरं वाटतं, माणूस खूश होऊन दोन जास्तीचे करतो, आणि दुसऱ्या दिवशी पाणी चढायला लागतं. दुसऱ्या रात्री कूस सोडा, विचारही बदलता येत नाही. पोरीचा नियम सोपा आहे. दुखून सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशीही उतरलं नाही तर व्यायाम बंद नाही करायचा, संख्या कमी करायची. ह्यांच्या भाषेत, "धरणाचे दरवाजे दीड फुटावर आणा."

वेदनेची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची, दुखायला लागल्यावर नाही, हेही तिनंच ठरवून दिलं. नंतर बर्फ. आमच्याकडे बर्फाची पिशवी नव्हती, म्हणून फ्रीझरमधले मटार टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवतो. त्या पिशवीवर ह्यांनी पेनानं लिहिलंय, 'खुब्याचे. भाजीत टाकू नयेत.' सूनबाईनं एकदा पुलावाचा बेत केला तेव्हा ही सूचना फार कामाला आली.

पाहुण्यांचा इलाज मात्र एकच असतो. हळद. सांगलीत राहून हळद सुचवणार नाहीत तर काय? एकजण राजापुरी हळकुंडं घेऊन आले, दुसऱ्यांनी तेलात परतून लेप लावायला सांगितलं. पोरीनं जखमेवर काहीही लावायचं नाही म्हणून दम दिला. तेव्हापासून हळद दुधातून पोटात जाते आणि पाहुण्यांच्या मनाची शांती होते.

धोक्याची पातळी मात्र विनोदाची नाही. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, धाप लागली किंवा अचानक कळ येऊन पायावर भारच टाकता येईना, तर वही मिटायची आणि सरळ डॉक्टरांना फोन. तो नंबर ह्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलाय. अजून लागला नाही.

गेल्या आठवड्यात जिना उतरायची परवानगी मिळाली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी डाव्या हातात. खाली उतरले, पुन्हा चढले, वर येऊन चहा प्यायले. वाटलं, आत्ताच हरिपूरला जाऊन संगम बघून येऊ. पोर जायला निघाली होती, तिला न जुमानता मी पुन्हा खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणली. कोथिंबीर घरात होती.

रात्री पातळी अठ्ठावीस फूट. मी ह्यांच्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. ह्यांनी वही उघडून 'विसर्ग' रकान्यात 'कोथिंबीर' असं लिहिलं आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी कळेल."

कळलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तेहतीस, जेवणानंतर छत्तीस, झोपताना एकोणचाळीस. मांडी भरून आलेली, कण्हणं सुरू. ह्यांनी चष्मा लावून शेरा लिहिला, 'नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे,' आणि स्वतः चादर काखेत मारून हॉलमध्ये निघाले. दिवा बंद होता. अंधारात आपली उशी म्हणून त्यांनी ओढली ती माझ्या दोन पायांमधली.