साखळी हवीच, पण शिट्टी कोण वाजवणार?

परवा आमच्या भागातल्या कबड्डी मंडळांची बैठक झाली. यंदा आपली हौशी स्पर्धा बाद पद्धतीने न घेता साखळी पद्धतीने घ्यायची असा प्रस्ताव आला. 16 संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, दर रविवारी सामने, कधी आपल्या गावात तर कधी समोरच्याच्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन वहीत आकडेमोड केली आणि रात्री उशिरापर्यंत डोळा लागला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी एक स्पष्ट सांगतो. साखळी व्हावी असं मला मनापासून वाटतं. काही वर्षांपूर्वी सुरगाण्याकडचा एक संघ पहाटे पिकअपमध्ये बसून नाशिकला आला होता. पहिल्याच सामन्यात समोर तगडा संघ आला, दोन लोण चढले, म्हणजे दोनदा अख्खा संघ बाद झाला, आणि सामना गेला. सकाळी साडेदहाला त्या पोरांची स्पर्धा संपली. कर्णधार मैदानाच्या कडेला बसून नी-कॅप सोडत होता. मला म्हणाला, "सर, आता पुढची मॅच कधी?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी. त्याने मान हलवली आणि नी-कॅपची नीट घडी घालून पिशवीत ठेवली. वर्षभर शेणाने सारवलेल्या मैदानावर घाम गाळायचा आणि 40 मिनिटांत घरी जायचं, हा अन्यायच आहे.

पण आता हिशोब बघा. 16 संघांची बाद स्पर्धा 15 सामन्यांत संपते. तेच 16 संघ साखळीत घातले की 120 सामने होतात. एका सामन्याला सरपंच (म्हणजे मुख्य पंच) एक, पंच दोन, गुणलेखक एक आणि सहायक गुणलेखक दोन, अशी सहा माणसं लागतात. दर रविवारी आठ गावांत आठ सामने म्हणजे 48 माणसं, आणि असे 15 रविवार. आमच्याकडे परीक्षा पास झालेले आणि बोलावल्यावर खरोखर येणारे मोजले तर निम्मेही भरत नाहीत. बैठकीत खेळाडू, मैदान, चषक, प्रायोजक सगळ्यांवर बोलणं झालं. पंचांबद्दल एक वाक्य निघालं, "पंच काय, मिळतील."

कुठून मिळतील? आम्ही पंच सगळे नोकरी-धंदा सांभाळून हे करतो. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी. मी अंबडला कारखान्यात आहे, माझी सुट्टी शनिवारी असते. आजवर स्पर्धा तीन दिवस एका जागी असायची, म्हणून एकदाच रजा टाकून जमत होतं. राहायला शाळेची खोली आणि जेवण आयोजकांकडे. आता दर रविवारी कोणाला नांदगावला, कोणाला पेठला जायचं म्हटलं तर मानधन पेट्रोलमध्येच संपतं.

त्याहून मोठी काळजी नवीन पोरांची आहे. एका जागी स्पर्धा असली की नवा पंच चुकला तरी शेजारच्या मैदानावर वरिष्ठ असतात. चहाला बसलं की ते समजावून सांगतात. मीही तसाच शिकलो. साखळीत तोच पोरगा यजमान गावात एकटा पडणार. मी अशा एका सामन्याला होतो. संध्याकाळची वेळ, हॅलोजनचा उजेड, बोनस रेषेची फक्की पायांनी पुसत आलेली. शेवटच्या मिनिटाला यजमान संघाच्या चढाईपटूने बोनस मागितला. ही रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत असेल तरच हा जादा गुण मिळतो. आमच्या तरुण पंचाने मागचा पाय टेकलेला पाहिला होता, म्हणून त्याने गुण नाकारला. निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पण पब्लिक दोरी ओलांडून आत आलं, त्याची कॉलर धरली गेली. आम्ही त्याला मध्ये घेऊन गाडीपर्यंत नेलं. त्यानंतर त्याने शिट्टी हातात घेतली नाही. चांगला पंच होता तो. मला अजून वाईट वाटतं.

मंडळांचंही तेच. ऑक्टोबरमध्ये निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची छाटणी, जानेवारीपासून काढणी, मधे कांद्याची लागवड. सात-आठ वेळा टेम्पो करून बाहेरगावी जायचं तर वर्गणी किती पुरणार? चौथ्या-पाचव्या रविवारी संघ यायचे बंद होतील आणि समोरच्याला फुकटची पुढे चाल मिळेल.

इंग्लंडच्या रग्बीत 2022-23 च्या हंगामापासून खालच्या लीगची फेरमांडणी झाली, त्याबद्दल मी वाचलं होतं. तिथे नॅशनल वनमधले संघ 16 वरून 14 केले, म्हणजे दुहेरी साखळीतले (प्रत्येकाशी दोनदा खेळायचं) प्रत्येकाचे सामने 30 वरून 26 झाले. त्याखालच्या नॅशनल टूचे दोन गट होते ते तीन केले, प्रवास कमी व्हावा म्हणून. पैसा, रस्ते आणि क्लबची जुनी परंपरा असलेले लोक सामने आणि अंतर कमी करतायत. आपण दोन्ही एकदम वाढवायला निघालोय.

माझं म्हणणं असं. चार-चार संघांचे चार गट करा, तेही रस्ता बघून. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी एकत्र. मालेगाव, सटाणा, देवळा, नांदगाव एकत्र. उरलेल्यांचेही तसेच. एका गटाचे सहाही सामने एकाच मैदानावर दोन दिवसांत घ्या, म्हणजे पंचांचा एकच ताफा पुरेल आणि नव्याबरोबर जुना राहील. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे न्या. गटांतले 24 सामने आणि या आठ संघांच्या बाद फेरीचे सात धरले तर 31 होतात. सुरगाण्याच्या पोरांना कमीत कमी तीन सामने नक्की मिळतात. यजमान मंडळाने दोरीबाहेर स्वतःचे दहा कार्यकर्ते उभे करायचे, हे नियमातच लिहा. पंचाच्या अंगाला हात लागला तर त्या संघाचा सामना गेला, हेही लिहा.

पुढच्या बैठकीत हा कागद मी मांडणार आहे. तोवर एक विनंती. तुमच्या गावात खेळणं सोडलेला, नियम जाणणारा, डोकं शांत असलेला कोणी असेल तर त्याला पंच परीक्षेला बसायला सांगा आणि मला मेसेज करा. नियमांचं पुस्तक माझ्याकडे आहे, झेरॉक्स काढून पाठवतो. शनिवारी मी मोकळा असतो, शिकवायला गावात येईन.