मंडळातली पोरं आणि प्रभागाचं बंद दार

"या मुलांना आपल्या प्रभागाशी काही देणंघेणंच नाही," पुण्याहून ताईचा फोन आला की हे वाक्य येतंच. एडिनबरोत बसून ते ऐकताना मी अस्वस्थ होते, कारण तिच्याच मुलाला मी मंडळात राबताना पाहिलंय. वर्गणीची पावतीपुस्तकं, मांडवाची परवानगी, पोलीस चौकीतल्या फेऱ्या, विसर्जनाची रात्र आणि शेवटी पै-पैचा हिशेब. ज्याला हे जमतं त्याला प्रभागाचं अंदाजपत्रक कळणार नाही, हे मला पटत नाही.

पुण्यात 2017 नंतर महापालिकेची निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. मार्च 2022 पासून प्रशासक होते, आणि भाचा त्याच उन्हाळ्यात अठरा वर्षांचा झाला. लोकसभेला, विधानसभेला त्यानं मत दिलं. नगरसेवकासाठी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मात्र तो एकवीस पूर्ण होता, म्हणजे कायद्यानं स्वतः उभा राहण्याच्या वयाचा! मधली जवळजवळ चार वर्षं, रस्ता खणून ठेवला तरी जाब विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता. सवय लागायच्या वयात दार बंद ठेवायचं आणि मग पोरं आत येत नाहीत म्हणायचं, हा अन्याय आहे.

माझ्या लेकीनं पहिलं मत मे 2022 मध्ये दिलं, सोळाव्या वर्षी. स्कॉटलंडमध्ये स्थानिक निवडणुकीत तो हक्क आहे. भारतीय पासपोर्ट असूनही मलाही मत होतं. इथे उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा असतो. आदल्या रात्री जेवताना आम्ही दोघी त्यावरून कडाकडा भांडलो. माझ्या आईशी मी असं कधी भांडले नव्हते.

इथे सगळं छान आहे असं नाही. त्या वेळी निम्म्याहून जास्त मतदार फिरकले नाहीत, आणि वस्तीतली कम्युनिटी कौन्सिल फक्त मत कळवू शकते. आपल्या ग्रामसभेला त्याहून किती तरी अधिकार आहेत: वर्षातून किमान चार सभा, आराखड्याला मंजुरी, लाभार्थ्यांची निवड. शहरातल्या पोरांना तेवढं नाही. पण पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. भाच्याला ते माहीतच नव्हतं. मागच्या आठवड्यात मी सांगितलं, तर मंडळात यादी सुरू झालीय. पहिलं काम शाळेसमोरचा पदपथ, दुसरं बसथांब्यावरचे दिवे. तिसऱ्यावरून अजून वाद चालू आहे.