त्या काउंटरवरच्या सात खुर्च्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं, पण शेवटी तुम्ही जो प्रश्न विचारला आहे त्याची अशी बोळवण करणं मला जमलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. टोकियोच्या शिनजुकू भागात एका वाटाड्या बाईंसोबत आम्ही सात जण एका रात्रीत चार बार फिरलो, त्याविषयी मी लिहिलं होतं. सरांचं म्हणणं असं : दारू प्यायला वाटाड्या कशाला लागतो, आणि त्यासाठी १२,००० येन मोजणं हा पैशाचा माज आहे. युरोपातल्या प्रागसारख्या शहराने अशा फेऱ्यांवर बंदी आणली, कारण राहणाऱ्या लोकांना त्रास होतो, आणि मी मात्र कौतुक करते आहे. सर वर्धा जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक आहेत. दारूपायी बसलेली घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे माझ्या लेखातला आनंद त्यांना खुपला. आणि शेवटचं म्हणजे, त्यांची २३ वर्षांची नात ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी टोकियोला चालली आहे. तिने माझा लेख वाचून ‘मीपण जाणार’ असं जाहीर केलंय. ‘आता तिला काय सांगू ते तुम्हीच सांगा,’ असं सरांनी लिहिलंय.

वाटाड्या कशाला, इथून सुरुवात करते. आदल्या संध्याकाळी मी एकटीच गेले होते. शिनजुकू स्टेशनच्या पूर्वेला, हानाझोनो देवळाच्या शेजारी गोल्डन गाई नावाची वस्ती आहे. सहा बोळ आणि त्यांत दोनशेहून जास्त बार. समोरून माणूस आला तर अंग चोरावं, एवढीच बोळाची रुंदी. एकमेकांना चिकटलेली दुमजली बांधकामं, वर जायला शिडीसारखे उभे जिने. एकेका बारमध्ये खुर्च्या सहा, आठ, फार तर दहा. काही दारांवर ‘फक्त नेहमीच्या लोकांसाठी’ अशा अर्थाची पाटी होती, बऱ्याच दारांवर मला वाचता येईल असं काहीच नव्हतं. दोन बोळ फिरून शेवटी मी एक दार उघडलं. आत पाच माणसं काउंटरला टेकून बसली होती. बोलणं थांबलं. मालकिणीने दोन्ही हातांची फुली करून दाखवली, म्हणजे जागा नाही. एक खुर्ची मला रिकामी दिसत होती. मी दार ओढून घेतलं आणि हॉटेलवर परत आले. परदेशात इतकं उपरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री वाटाड्या बाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीचा अर्थ सांगितला. सहा खुर्च्यांच्या बारचं पोट चालतं ते रोज येणाऱ्या दहा-वीस माणसांवर. मागच्या फळीवर ज्या बाटल्या दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा अशा गिऱ्हाइकांनी विकत घेऊन तिथेच ठेवलेल्या असतात. गळ्यात नावाची चिठ्ठी बांधलेली बाटली, माणूस येईल तेव्हा खाली उतरते. नऊ वाजता अमका येणार हे मालकिणीला ठाऊक असतं. शिवाय इथे नुसतं बसण्याचे पैसे असतात, पाचशे ते हजार येन, कुठे त्याहून जास्त. त्यासोबत वाटीभर काहीतरी खायला येतं, त्याला ओतोशी म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, न मागितलेल्या वाटीचे पैसे लावले, आणि तो बिलावरून भांडतो. ते भांडण मालकिणीला परक्या भाषेत करावं लागतं. मग ती दारातच फुली दाखवते.

या वस्तीने सहजासहजी कुणावर भरवसा ठेवू नये असाच तिचा इतिहास आहे. युद्धानंतर स्टेशनजवळ काळा बाजार भरत असे, तिथून हटवलेली माणसं इथे येऊन वसली. १९५८ साली वेश्याव्यवसायाविरुद्धचा कायदा पूर्णपणे लागू होईपर्यंत वरच्या खोल्यांत तो धंदा चाले. इवल्या खोल्या आणि उभे जिने त्याच काळातले. नंतर बार आले, लेखक, नाटकवाले, सिनेमावाले तिथे बसू लागले. १९८० च्या दशकात टोकियोतल्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले तेव्हा ही जागा रिकामी करून घ्यायला लोक टपले होते. आगी लागल्या. तेव्हा बारवाले आणि त्यांची गिऱ्हाइकं पाळ्या लावून रात्रीचा पहारा देत. ज्या खुर्चीसाठी कुणीतरी रात्र जागून काढली आहे, तिच्यावर मी नुसतं दार ढकलून बसावं हे मला आता बरोबर वाटत नाही. कुणीतरी ओळखीच्या माणसाने ‘हिला मी आणलंय’ म्हणावं लागतं. वाटाड्या बाईंचं काम तेवढंच होतं, आणि ते मोठं होतं.

पैशांचं म्हणाल तर, १२,००० येन म्हणजे साडेसहा-सात हजार रुपये, रक्कम मोठीच आहे. त्यात चारही ठिकाणचे बसण्याचे पैसे आणि प्रत्येक ठिकाणचं एक पेय आलं होतं. म्हणजे सात-आठ हजार येन तिथेच गेले. उरले ते तीन तासांच्या सोबतीचे. शेजारीच, काबुकिचोच्या रात्री गजबजणाऱ्या भागात, रस्त्यावरचे दलाल गिऱ्हाइकं पकडून नेतात आणि बिलात लुबाडतात. ‘दलालांच्या मागे जाऊ नका’ अशी घोषणा भोंग्यावरून सारखी चालू असते. एकट्या बाईला तिथे सोबत मिळाली याची किंमत मी करू शकत नाही.

निघण्याआधी देवळाच्या पायऱ्यांशी वाटाड्या बाईंनी आम्हाला बजावलं होतं. बोळात आवाज चढवायचा नाही, विचारल्याशिवाय फोटो नाही, प्रत्येक ठिकाणी माणशी एक पेय घ्यायचंच, पण ते दारूचं असायची सक्ती नाही. ‘ऊरोन-चा’ एवढं म्हटलं की थंड उलाँग चहाचा ग्लास समोर येतो. आमच्यातल्या दोघांनी रात्रभर तोच घेतला आणि कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही. एका बारमधून दुसऱ्यात जाण्याला जपानीत ‘हाशिगो’ म्हणतात, म्हणजे शिडी. लेखात मी या शब्दावर फारच भाळले होते. शिडी चढता येते तशी तिच्यावरून पडताही येतं, हे तुम्ही लिहिलंत आणि ते मला मान्य आहे.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते. इथे तुमचं बरोबर आहे, आणि किती बरोबर आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही, कारण मी ते लेखातून गाळलं होतं.

चौथ्या बारमध्ये आठ खुर्च्या होत्या. आम्ही सात, वाटाड्या बाई आठव्या. आम्ही गेलो तेव्हा बार रिकामा होता, त्यामुळे कुणाला उठवलं वगैरे नाही. वीसेक मिनिटांनी दार सरकलं. सत्तरीचे एक गृहस्थ, हातात छत्री, डोक्यावर कापडी टोपी. त्यांनी डावीकडून उजवीकडे आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मालकीण काउंटरमागून किंचित वाकली आणि काहीतरी म्हणाली, ती क्षमा मागत होती एवढं मला कळलं. गृहस्थांनी हात हलवला, असू दे असू दे, आणि दार लावून घेतलं. बाहेर पाऊस होता. मालकिणीने मागच्या फळीवरून अर्धवट काढलेली बाटली परत आत सरकवली. चिठ्ठी बांधलेली बाटली होती ती.

हे मी पाहिलं आणि तरी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर लेखाचा आनंद उतरला असता, म्हणून. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर पहिल्यांदा आठवली ती ती छत्री.

प्रागच्या महापालिकेने २०२४ साली रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत अशा संघटित फेऱ्यांवर बंदी घातली, हे तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पन्नास-पन्नास जणांना हाकत, एकदाच पैसे घेऊन हवी तेवढी दारू पाजत नेणाऱ्या फेऱ्या आणि आमची फेरी यांत फरक आहे, असं मी लगेच म्हणणार होते. फरक आहेच. पण त्या गृहस्थांच्या दृष्टीने पाहिलं तर सात माणसंही पुरेशी होती. आठ खुर्च्यांच्या बारमध्ये दोन पाहुणे न्यावेत, तीन म्हणजे फार झाले. मूळ लेखात मी ही दुरुस्ती केली आहे. ज्या संस्थेतर्फे गेले होते त्यांनाही हेच कळवलंय. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

तिसरा मुद्दा लिहायला मला सगळ्यात जड जातंय. सर, माझं आजोळ आर्वीचं. म्हणजे तुमचाच जिल्हा. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि त्याच जिल्ह्यात माझा मामा दारूने गेला, हातभट्टीच्या. ४६ वर्षांचा होता. मामी शिवणकाम करून घर चालवायची, आणि मशीनच्या खणात ठेवलेले पैसे तो काढून न्यायचा. आजीने शेवटी तिची पाटल्यांची जोडी आमच्या घरी आणून ठेवली होती. गावोगाव बाया उभी बाटली की आडवी बाटली याचं मतदान करायला रांगा लावून उभ्या राहतात, तेव्हा त्या कशाच्या विरोधात उभ्या आहेत हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या भागातल्या कुठल्याही बाईला ती नसते.

शिनजुकूतल्या त्या बारांत मालकिणीला ‘मामा’ म्हणतात. सगळे म्हणतात, वाटाड्या बाईही म्हणत होत्या, ‘मामा, ही भारतातून आली आहे.’ त्या रात्री तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, एवढंच म्हणून हाक मारत राहिले. हेही मी लेखात लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं, म्हणजे हिला काही माहीत नाही असं तुम्हाला वाटलं नसतं.

तरीही मी गेले, आणि परत जाईन. मामा एकटा प्यायचा. गोठ्यात, भिंतीकडे तोंड करून. त्याला कुणी ‘आता बस’ म्हणणारं नव्हतं, कारण ज्याच्याकडून घ्यायचा त्याला त्याचं नावही ठाऊक असायची गरज नव्हती. इथे दुसऱ्या बारमध्ये एका कंपनीतला माणूस आमच्याशेजारी बसला होता. त्याने तिसरा ग्लास मागितला तेव्हा मालकिणीने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. शेवटची गाडी. तो हसला, पाणी प्यायला आणि उठला. जपानमध्ये दारूचे हाल नाहीत असं मी म्हणत नाही. मध्यरात्रीनंतर स्टेशनच्या जिन्यावर कोट घातलेली माणसं पडलेली मी स्वतः पाहिली. मला फक्त त्या पाण्याच्या ग्लासाबद्दल लिहायचं होतं. माझ्या मामाला तो कुणी दिला नाही.

आता तुमची नात.

तिच्या वाटाड्यासोबतच्या फेरीची काळजी फारशी करू नका सर, काळजी करायची तर कचेरीतल्या बैठकीची करा. कामानंतर सगळ्यांनी मिळून प्यायला जाणं, नोमिकाई, ही तिथे नोकरीचाच भाग असल्यासारखी असते. नव्या माणसाला बोलावणं हमखास येणार. पहिलं पेय सगळ्यांचं एकदम मागवतात, बहुतेक वेळा बीअर, आणि तिथेच नवखी मुलगी भिडेपोटी गप्प बसते. तिने तिथेच ऊरोन-चा मागावा. पहिल्या बैठकीत मागितला की पुढे कुणी विचारत नाही. आणि कुणी आग्रहाचा जोर केलाच, तर त्यालाही तिथे शब्द आहे : ‘आरुहारा’, दारूसाठी केलेला छळ. हा शब्द तिला माहीत असू द्या. दुसऱ्याच्या ग्लासात आपण ओतायचं, आपल्यात दुसरा ओततो, अशी रीत आहे. ग्लास भरलेला ठेवला की कुणी ओतत नाही, हे मला एका जपानी मैत्रिणीने शिकवलं.

ती शाकाहारी असेल तर ओतोशीच्या वाटीबद्दल आधी विचारायला सांगा. नुसता शिजवलेला मुळा दिसला तरी रस्सा माशाचा असतो. उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, एदामामे, सहसा चालतात.

राहायची सोय ठरली नसेल तर एदोगावा भागातलं निशी-कासाई बघा. तिथे भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत. याच एदोगावातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते. टोकियोत मराठी मंडळही आहे, गणपती बसतो. घरची आठवण आली तर जाण्यासारखी ठिकाणं आधी माहीत असलेली बरी. शिनजुकूलाच स्टेशनजवळ नाकामुराया नावाचं जुनं दुकान आहे. ब्रिटिशांपासून पळून गेलेल्या रासबिहारी बोसांना १९१५ साली तिथल्या घरमालकांनी लपवून ठेवलं होतं, आणि १९२७ पासून तिथे त्यांच्या पद्धतीची करी मिळते. तिला गोल्डन गाईला जायचंच असेल, तर आधी इथे पोटभर जेवून जायला सांगा. रिकाम्या पोटी अजिबात नाही.

आणि तुम्ही विचारलंत तसं, तिला ‘जा’ म्हणायचं की ‘जाऊ नकोस’? जा म्हणा. वय तिथल्या कायद्यात बसतं, ती अट २० ची आहे. पहिल्यांदा ओळखीच्या बाईसोबत जाऊ दे, अकराला निघू दे, म्हणजे शेवटच्या गाडीची धावपळ होणार नाही. मला दोन ओळी पाठवल्या तर वाटाड्या बाईंना मी स्वतः कळवीन आणि चौथ्या बारचा पत्ताही देईन. फक्त एकटी किंवा फार तर दोघी. आणि कापडी टोपीवाले कुणी आजोबा दारात दिसले, तर तिने उठून खुर्ची द्यावी, एवढं माझ्यासाठी करायला सांगा.